नकाशावर दवाखाना आहे, पण नर्स किती?

प्रश्न: दर हजारी डॉक्टर-नर्स मोजतातच ना, मग माणसं कुठे नेमायची हे ठरवायला नकाशा, डेटा वगैरे कशाला?

उत्तर: कारण सरासरी फसवते हो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये दर हजार लोकांमागे डॉक्टर, नर्स, सुईणी मिळून ४.४५ असा आकडा धरला होता, पण एखाद्या जिल्ह्यात तो पूर्ण होऊनही सगळी माणसं शहरातच बसलेली असू शकतात आणि डोंगरापलीकडची बाई बाळंतपणाला तीन तास चालत येते. हे दिसतं नकाशावर, तेही सरळ रेषेतलं अंतर नाही तर रस्ता, चढ, नदी धरून काढलेला प्रवासाचा वेळ बघितला तरच.

दुसरं म्हणजे कामाचा बोजा. त्याच संघटनेची विस्न (WISN) नावाची, कामाच्या बोजावरून किती माणसं लागतील हे काढायची पद्धत आहे, मला ती फार पटते. समजा, सुट्ट्या, ट्रेनिंग वजा जाता नर्सच्या हाती वर्षाला १,६०० तास उरतात आणि एका गरोदर बाईच्या तपासणीला २० मिनिटं लागतात, म्हणजे ती ४,८०० तपासण्या करेल. केंद्रात १२,००० होत असतील तर अडीच नर्स हव्यात, आणि तिथे एकटीच असेल तर तपासणी घाईघाईत उरकली जाणार, बीपी बघायचं राहून जाणार.

फक्त कर्मचाऱ्यांची यादी ताजी हवी. बदली झालेली, रिटायर झालेली नावं कागदावर तशीच राहिली तर नकाशाही खोटंच दाखवतो.