अमेरिकेतून आणलेलं 915 मेगाहर्ट्झचं लोरा मॉड्यूल (कमी विजेत लांबवर थोडा डेटा पाठवणारं रेडिओ) बडोद्यात बिनपरवाना चालेल का?

आहे तसं नाही. बॉक्सवरचा एफसीसीचा (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा) शिक्का 902 ते 928 मेगाहर्ट्झसाठी आहे. तिथला नियम: डिजिटल मॉड्युलेशनच्या सिग्नलची रुंदी (बँडविड्थ) किमान 500 किलोहर्ट्झ, ताकद 1 वॉटपर्यंत, आणि दर 3 किलोहर्ट्झमध्ये 8 डीबीएमच्या (सुमारे 6 मिलीवॉट) आत. आपल्याकडे 900 च्या आसपास मोबाइलवाले ठाण मांडून बसलेत.

इथे 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा बिनपरवाना मोकळा आहे: ताकद 1 वॉटपर्यंत, ईआरपी (अँटेनातून प्रत्यक्ष फेकली जाणारी ताकद) 4 वॉटपर्यंत, पण कॅरिअरची, म्हणजे सिग्नलची, रुंदी 200 किलोहर्ट्झच. तिकडे किमान 500 हवी, इकडे 500 चालतच नाही, गंमतच! मॉड्यूल या पट्ट्यात आणून बँडविड्थ 125 किलोहर्ट्झ ठेवा.

अँटेनाही बदला. दांडिया बाजारातल्या गच्चीवर मी पाव तरंगलांबीची तार 8.2 ऐवजी 8.7 सेंटिमीटर कापली, तेव्हा कुठे सिग्नल सुधारला. विकायचं असेल तर डब्ल्यूपीसीचं (केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा) ईटीए, म्हणजे उपकरणाचं मंजुरीपत्र, लागेल. अर्ज सरल संचार पोर्टलवर.