पोरगी पेशींना वीज द्यायची म्हणते

प्रश्न : ताई, उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सला आहे. पेशीच्या पटलावर विजेचा काय परिणाम होतो, यावर पीएच.डी. करायची म्हणते. हे फिजिक्स की बायॉलॉजी? यात पोट भरतं का? आणि विजेचा धोका नाही का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : दादा, मी मंगळवार पेठेतली. त्याच विद्यापीठातून एम.एस्सी. झाले आणि पुढची सगळी नोकरी याच विषयात केली. त्यामुळे तुमचं पत्र दोनदा वाचलं.

फिजिक्स की बायॉलॉजी, हे मलाही विचारलं गेलं. एका समितीनं त्याच कारणावरून माझा पहिला प्रस्ताव परत पाठवला होता. फार लागलं तेव्हा. पण बघा, पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीचं आवरण, जेमतेम ५ नॅनोमीटर जाड. चेतापेशीत त्याच्या आतल्या-बाहेरच्या बाजूंत सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण एवढ्याशा जाडीवर तो म्हणजे मीटरला १.४ कोटी व्होल्ट! बाहेरून पल्स, म्हणजे विजेचा क्षणभराचा झटका, देऊन हाच फरक अर्ध्या-एक व्होल्टपर्यंत नेला, की पटलात बारीक छिद्रं पडतात आणि पल्स छोटा असेल तर पुन्हा मिटतात. एबरहार्ड नॉयमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली याच वाटेनं उंदराच्या पेशींत जनुक घातलं. या क्रियेला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. आता याला कुठल्या खात्यात टाकायचं ते टाका.

माझं काम मात्र सुरुवातीला ठिणग्यांनीच अडवलं. दोन प्लेटा, मध्ये ४ मिलिमीटर अंतर, त्यात पेशींचा द्रव आणि ४०० व्होल्टचा पल्स, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा. दर दोन-तीन पल्सला चट्‌कन ठिणगी पडायची आणि नमुना वाया. आधी द्रवाचा संशय घेतला. मिठाच्या पाण्यात करंट फार वाहतो आणि नुसत्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, म्हणून मीठ काढून लिटरला सुमारे ८५ ग्रॅम साखर घातली. फरक पडला, पण ठिणग्या थांबेनात. दिवाळीला गावी येताना प्लेटा पिशवीत घालून आणल्या आणि उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या टर्नरला दाखवल्या. त्यांनी कडेवरून नुसतं बोट फिरवलं. “बर राहिलीया की हो बाई,” म्हणाले. बर म्हणजे कापताना कडेला राहिलेली धातूची बारीक धार. प्लेटा मीच कापल्या होत्या. त्या बारीक धारेवर विद्युतक्षेत्र एकवटत होतं. त्यांनी कडा गोल करून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर महिन्याभरात ते दिसलं. द्रवात प्रोपिडियम आयोडाइड घातलं होतं. हा रंग धडधाकट पेशीत शिरत नाही; शिरला तर आतल्या डीएनएला चिकटून लाल चमकतो. पल्स दिला आणि पेशीची प्लेटांकडची दोन टोकं तेवढी लाल झाली, मधला पट्टा काळाच. गणितात कागदावर हेच येतं, की टोकांवर विजेचा ताण सर्वांत जास्त आणि मध्यावर शून्य. ते डोळ्यांनी पाहिलं त्या रात्री मला झोप आली नाही.

पोटाचं विचारता, तर सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात. पीएच.डी.ला पाच वर्षं धरून चाला, आणि नंतरही कायमची जागा लगेच मिळत नाही. हे मी लपवणार नाही. पण विषय वाढतोय. ब्लिओमायसिन हे कर्करोगाचं औषध एरवी पेशीत नीट शिरत नाही, ते गाठीत पल्स देऊन आत पोचवतात. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरच्या पल्स उपचाराला २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता मिळाली. वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांना पटल आणि पल्स दोन्ही कळणारी माणसं लागतात.

धोका आहे, पण तो पेशीजवळ नाही, यंत्रात आहे. स्विच बंद केला तरी वीज साठवणारा कॅपॅसिटर भरलेला राहतो. तो रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय आणि मीटरवर शून्य बघितल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हे तिला आत्ताच सांगा.

आणि तिच्या पहिल्या प्लेटा तुमच्याच लेथवर होऊ द्या. प्लेटांमधलं ४ मिलिमीटर अंतर चारी बाजूंनी मोजा. एका कडेला अर्धा मिलिमीटर कमी पडला तर तिथं विद्युतक्षेत्र १४ टक्क्यांनी वाढतं. बर तर तुम्ही काढालच.