संधिवातातील सूज ओसरत का नाही?

प्रश्न : माझ्या आईला (वय ५८) ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. गोळ्या चालू असूनही सकाळी हात सुजलेले असतात आणि काखेत गाठ हाताला लागते. 'लसीकावाहिन्या तुंबल्या आहेत, मालिशने मोकळ्या होतील,' असे एका मालिश केंद्रात सांगितले. यात तथ्य किती?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मालिश केंद्राने केलेले निदान अर्धे बरोबर आहे, उपाय मात्र पटण्यासारखा नाही.

सांध्यात झिरपलेला द्रव, प्रथिने आणि पेशी वाहून नेण्याचे काम लसीकावाहिन्या करतात. त्यांच्यामागे हृदयासारखा पंप नसतो. मोठ्या वाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूपेशी स्वतःच लयीत आकुंचन पावतात आणि आतील झडपा लसीकेला (म्हणजे या द्रवाला) मागे फिरू देत नाहीत. ही लय राखण्यात वाहिनीच्या अस्तरातून थोडा थोडा सुटणारा नायट्रिक ऑक्साइड मोलाची भूमिका बजावतो. दाह वाढला, की वाहिनीभोवती जमलेल्या दाहक पेशी हाच वायू सतत आणि भरमसाट तयार करतात, त्यामुळे मूळचा नेमका इशारा त्यात बुडून जातो आणि वाहिनी जोर लावून आकुंचन पावेनाशी होते. मग दाह वाढवणारे पदार्थ सांध्यातच साचतात व दाह आणखी भडकतो.

अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात टीएनएफ हे दाहक प्रथिन अतिरिक्त प्रमाणात तयार करणाऱ्या उंदरांवर याचा बारकाईने अभ्यास झाला. त्यांच्या गुडघ्यामागील लसीकाग्रंथी (लसीका गाळणारी गाठ) आधी फुगते, जणू वाढीव भार पेलते. पुढे बी-पेशी (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) तिच्या आतील मार्गांत शिरतात, ग्रंथी आक्रसते, वाहिन्यांची आकुंचने मंदावतात आणि नेमका त्याच सुमारास गुडघ्याचा आजार बळावतो. माणसांमध्येही, बोटांच्या बेचक्यांत इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य टोचून अवरक्त कॅमेऱ्याने पाहिले असता, सक्रिय संधिवात असलेल्या हातांतून ते निरोगी हातांपेक्षा कमी प्रमाणात वाहून गेलेले आढळले.

म्हणजे वाहिनी बहुधा कचऱ्याने तुंबलेली नसते, तिची ताकदच दाहाने हिरावलेली असते. मालिशने तात्पुरते हलके वाटेल. पण सांध्याची झीज त्याने थांबते, याला भक्कम पुरावा नाही, आणि सुजलेला, गरम सांधा जोराने चोळणे तर टाळावेच. मेथोट्रेक्सेट किंवा टीएनएफरोधक इंजेक्शने यांसारख्या औषधांनी दाह आटोक्यात आणणे हाच मुख्य उपचार होय. गोळ्या घेऊनही सूज राहत असेल, तर औषध किंवा मात्रा बदलण्याविषयी संधिवाततज्ज्ञांशी बोलावे; औषध परस्पर बंद करू नये. काखेतील गाठ ही संधिवातामुळे फुगलेली लसीकाग्रंथीही असू शकते, तरी ती डॉक्टरांना दाखवावी. वाढत असेल, कडक लागत असेल किंवा सोबत ताप व वजनात घट असेल, तर विलंब करू नये.