परसबागेतले बी आणि घरातली मुले

प्रश्न : लातूरच्या आमच्या परसात भेंडी आणि दोडका आहे. मुलांना घरचे बी धरायला शिकवायचे आहे. पण गेल्या वर्षी राखलेल्या भेंडीच्या बियांपासून एकसारखी झाडे आली नाहीत. असे का झाले?

उत्तर : आपले बियाणे बहुधा संकरित असावे, कारण संकरित वाणाचे गुण पुढच्या पिढीत विखुरतात. त्याऐवजी परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘परभणी क्रांती’ हा सरळ वाण (म्हणजे ज्याच्या बियांपासून पुन्हा तशीच झाडे येतात असा) लावावा, आणि निरोगी झाडावरच्या दोन-चार शेंगा न तोडता तिथेच वाळू द्याव्यात.

मुलांना खरा आनंद मात्र दोडका देईल. त्याची नर आणि मादी फुले वेगळी असतात व ती संध्याकाळी उमलतात. मादी फुलामागे इवलासा दोडका दिसतो, तो मुलांनाच शोधू द्यावा. किडे दुसऱ्या वेलाचे पराग आणू नयेत म्हणून दुपारी दोन्ही प्रकारच्या कळ्या दोऱ्याने हलकेच बांधून ठेवाव्यात, उमलण्याच्या वेळी सोडून नराचे पराग मादी फुलाला लावावेत आणि ते फूल पुन्हा बांधून देठाला रंगीत चिंधी अडकवावी. ही चिंधी विसरू नये, नाहीतर नेमका तोच दोडका भाजीत जातो! तो वेलावरच वाळून खुळखुळू लागला, की टोकाचे झाकण काढून बिया झटकाव्यात.

बी सावलीत वाळवून, कोरड्या डब्यात, नाव व तारीख लिहून ठेवावे. पेरणीपूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून किती उगवल्या, ते मुलांना मोजू द्यावे.