सुंदरबनासारख्या पूरप्रवण खारफुटीच्या प्रदेशात राहण्याचे धोके आणि संधी कोणत्या?

भारतीय सुंदरबनातील १०२ बेटांपैकी ५४ बेटांवर वस्ती असून तेथील अनेक गावे भरतीच्या पातळीपेक्षा खालच्या जमिनीवर, केवळ मातीच्या बांधांच्या आड वसलेली आहेत. बांधामुळे नदीचा गाळ शेतात पसरत नाही, तो पात्रातच साचत जातो, आणि त्यामुळे ज्या बांधाने गाव वाचवायचे तोच कालांतराने गावाला नदीच्या मानाने आणखी खोल ठेवतो. मे २००९ मधील ‘आयला’ चक्रीवादळात असे बांध फुटले तेव्हा घरे पडलीच, पण खरा फटका नंतर बसला: शेतात शिरलेल्या खाऱ्या पाण्याने भाताची खाचरे काही हंगाम नापीक केली, तळ्यांतले गोडे पाणी नासले आणि कर्ते पुरुष मजुरीसाठी परराज्यांत गेले. कोकणातल्या खारबंदिस्तीची, म्हणजे खाडीचे खारे पाणी शेताबाहेर अडवणाऱ्या बांधांची, ज्यांना माहिती आहे, त्यांना हे दुखणे नवे वाटणार नाही.

संधी म्हणाल तर त्या याच खाऱ्या पाण्यात आहेत. मासे, खेकडे, एप्रिल-मेमधला रानमध, तसेच ‘नोना बोकरा’सारखे क्षार सोसणारे भाताचे पारंपरिक वाण. मात्र मधासाठी वाघाच्या रानात शिरावे लागते, आणि कोळंबीची पिल्ले धरण्यासाठी बायका कमरेइतक्या पाण्यात तासन्‌तास जाळे ओढतात. माझ्या मते सर्वांत भरवशाची गुंतवणूक म्हणजे बांधाच्या नदीकडील बाजूस राखलेला खारफुटीचा पट्टा, कारण तो लाटांचा जोर मोडतो आणि माशांच्या पिल्लांना आसराही देतो.