पांढऱ्या तुरीत लाल दाणे, आणि बांधावरची रानतूर

प्रश्न : बीडीएन ७११ या पांढऱ्या तुरीचे घरचे बी पेरतो. शेजारी बीएसएमआर ७३६ (लाल) आहे. गेल्या वर्षी दाणा न् दाणा निवडून बी ठेवले, तरी यंदा काही झाडांना लाल दाणे आले. असे का?

उत्तर : दाण्याची साल मादीझाडाची असते. लाल तुरीचा पराग तुमच्या फुलावर पडला तरी त्या हंगामात दाणा पांढराच दिसतो. तो पेरला की उगवलेले झाड लाल दाणे देते, कारण लाल रंग वरचढ. म्हणजे भेसळ झाली गेल्या वर्षी, दिसली यंदा. निवडताना ती सापडणारच नव्हती.

तुरीचे परागकोश फूल उमलण्याआधीच फुटतात, पण स्वतःचा पराग कुक्षीवर (पराग झेलणाऱ्या टोकावर) सावकाश रुजतो. तेवढ्यात आग्या किंवा पानकापी माशी बसली, की तिच्या भाराने खालच्या पाकळ्या दबतात आणि कुक्षी तिच्या पोटाला घासते. माश्या भरपूर असतील तर पाचातले एक बी सहज परक्या परागाचे निघते.

प्रमाणित बियाण्याला दुसऱ्या वाणापासून १०० मीटर अंतर लागते; शेत लागूनच असेल तर ते विसरा. शेताच्या मधली २०-२५ झाडे बियाण्यासाठी धरा. कळ्या दिसताच अळीसाठी फवारा, उमललेली फुले व शेंगा खुडा, मग मच्छरदाणीच्या कापडाने झाकून बुडाशी बांधा. न फवारता बांधलेत तर आत अडकलेली अळी पक्ष्यांपासून सुरक्षित राहून सगळ्या शेंगा फस्त करते. माशीवाचूनही शेंगा धरतात. झाडवार मळा, लाल दाणा निघालेले झाड अख्खे बाद. शेजारी दुसरा पांढरा वाण असता, तर रंगावरून काहीच कळले नसते.

प्रश्न : बांधावरच्या रानतुरीनेही भेसळ होते का? उपटू?

उत्तर : जमिनीलगत पसरणारा, केसाळ शेंगांचा वेल असेल तर तो कजानस स्कॅराबिऑइडिस. तो बहुतांशी आपल्याच परागावर भागवतो, धोका नगण्य. बस्तर-ओडिशाकडची कजानस कजानिफोलियस मात्र उभी, तुरीसारखीच असते आणि तुरीशी सहज संकरते. इक्रिसॅट या पीकसंशोधन संस्थेच्या आयसीपीएच २६७१ या संकरित तुरीतले नरवंध्यत्व (फुलात कामाचा पराग न धरण्याचा गुण) तिचेच.

वेल उपटू नका. त्याच्या शेंगांवरच्या दाट लवीत घाटेअळीची बारीक पिल्ले अडखळतात, म्हणून नवे वाण काढणाऱ्या पैदासकारांना तो हवा असतो. बी लावायचे तर डोळ्याच्या (बी शेंगेला चिकटलेले असते त्या खुणेच्या) विरुद्ध बाजूला नेलकटरने साल टवकवा. नाहीतर कठीण सालीमुळे बी पाणीच पीत नाही.