आधी केमिस्ट्री, एमपीएससीला वेळ आहे

प्रश्न : बाई, मी टीवाय बीएस्सीला आहे, विषय केमिस्ट्री. आम्ही भांडुपला राहतो. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर आहेत, दोन वर्षांत रिटायर होतील. ते म्हणतात, डिग्री झाली की एमपीएससीला बस, सरकारी नोकरी बघ. कॉलेजातल्या मॅडम म्हणतात, चौथं वर्ष करून ऑनर्स घे. मैत्रिणींनी डेटा अ‍ॅनालिटिक्सचे क्लास लावलेत. मला लॅब मनापासून आवडते, मार्कही चांगले आहेत. पण नुसतं आवडतं म्हणून घरी आणखी दोन वर्षं मागायची हिंमत होत नाही. काय करू?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : बाबांची सरकारी नोकरी एका बाजूला आणि तुझी लॅब दुसऱ्या बाजूला, असं तुमच्या घरात सगळ्यांनी धरून चाललंय. तसं अजिबात नाही, हे बाबांना आधी सांग. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल केमिस्ट्रीच्या एमएस्सीवाल्यांना घेतं. एमएस्सीला किमान 60 टक्के लागतात, मग निवड परीक्षा आणि मुलाखत. वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवतात आणि नीट पार पडलीस तर सायंटिफिक ऑफिसर, म्हणजे केंद्र सरकारची गट ‘अ’ची नोकरी. कलिन्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. तुमच्या भांडुप संकुलात मुंबईचं बरंचसं पाणी शुद्ध होतं, ते तपासायलाही केमिस्ट्री शिकलेलीच माणसं लागतात.

आता वयाचं बघ, कारण माझ्या मते सगळा निर्णय इथेच आहे. भाभा केंद्राच्या या प्रवेशासाठी खुल्या गटाला मर्यादा साधारण 26 वर्षांची. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला खुल्या गटाची मर्यादा 38, आणि पात्रता कोणतीही पदवी. तू आत्ता विशीत आहेस. एमएस्सी करून एमपीएससीकडे वळलीस तर काही बिघडत नाही. उलट केलंस तर बिघडतं. आयुष्यभर कॉलेजात शिकवताना मी हे बघितलंय. हुशार मुलं डिग्रीनंतर पुण्याला रूम घेऊन अभ्यासाला बसतात, दोन-तीन प्रिलिम जातात, मग एमएस्सीचं विचारायला येतात. तोवर ऑरगॅनिकच्या मेकॅनिझम पुसट झालेल्या असतात आणि घरचे दमलेले असतात. त्यात 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. ती जाता जाता देण्याची परीक्षा राहिलेली नाही. द्यायचीच असेल तेव्हा पूर्ण वेळ दे, आणि किती वर्षं द्यायची ते घरात आधी ठरवून दे.

चौथ्या वर्षाचं गणित सोपं आहे. तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, एमएस्सीपर्यंत वर्षं पाचच. मग कुठे शिकायला मिळतं ते बघायचं. तुमच्या कॉलेजात एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, चालू स्थितीत आहे का? विद्यार्थ्यांना त्यावर हात लावू देतात का? संशोधनासह ऑनर्स हवं तर पहिल्या सहा सेमिस्टरना 75 टक्के लागतात, आणि प्रोजेक्टला वेळ देणारा गाइडही लागतो. शिवाय एक वर्षाची एमएस्सी तुला हव्या त्या विभागात आहे का, हेही आधी विचारावं लागेल. ही उत्तरं मनासारखी आली नाहीत, तर तीन वर्षांवर डिग्री घे आणि जागा बदल. मी तरी तुला जागा बदलायलाच सांगेन.

त्यासाठी जॅम दे. आयआयटीतल्या एमएस्सीची ही प्रवेश परीक्षा फेब्रुवारीत असते, तीन तासांचा 100 मार्कांचा पेपर, आणि शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते. अर्ज मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरातच भरून घेतात. रिझल्ट लागल्यावर बघू, म्हणणाऱ्यांचं वर्ष इथेच जातं. पवईची आयआयटी तुला घरून जाऊन-येऊन करता येईल, होस्टेलचा खर्च नाही. माटुंग्याची आयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था, आणि कलिन्याचं मुंबई विद्यापीठ हेही पर्याय ठेव.

डेटाचा क्लास सध्या नको. लॅब आवडणाऱ्या मुलीने मैत्रिणींच्या सोबतीसाठी एवढी फी भरू नये.

पैशांचं बोलणं टाळू नकोस. रिटायर झाल्यावर हातात किती येणार, महिन्याला घर कितीत चालेल, हे बाबांबरोबर कागदावर मांड. दोन वर्षं झेपत नाहीत असं दिसलं, तर अंबरनाथ, तळोजा, तारापूरकडे औषध कंपन्यांच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या, लॅबमध्ये बीएस्सीवाल्यांना घेतात. केंद्र सरकारच्या योजनेतून वर्षभराची अ‍ॅप्रेंटिसशिप, विद्यावेतनासह, हाही मार्ग आहे. एक वर्ष मशीनवर काम करून मग एमएस्सीला आलेली मुलं वर्गात उठून दिसायची. वयाची 26 डोक्यात ठेवलीस तर तेवढी सवड तुझ्याकडे आहे.

या आठवड्यात दोन कामं कर. जॅमच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढून त्यातली एक घड्याळ लावून सोडव. आणि चौथ्या वर्षासाठी होकार-नकार कधीपर्यंत कळवायचा, ते कॉलेजच्या ऑफिसात विचार. जॅमचा निकाल मार्चमध्ये लागतो. तोपर्यंत कुठेही लेखी कळवू नकोस.